भेळीत सापडलेली कोरांटी

श्रावणीनं बंडूच्या हातातली भेळ ओढली आणि सरळ गटारात फेकली.

"पागल झाली का तू?" बंडू ओरडला. "अजून एक घासही नाही खाल्ला!"

"तेच बरं झालं." तिनं त्याच्या हातातला पुठ्ठ्याचा तुकडाही हिसकावला. नत्थूभैया चमच्याऐवजी असा तुकडा देतो, हे सदर बाजारात कोणाला नवीन नाही. पण या तुकड्यावर एक वाळकं तपकिरी फूल चिकटलेलं होतं.

"यशोधन, बघ. कोरांटी."

यशोधनचा चेहराच उतरला. त्याची आई, म्हणजे श्रावणी-बंडूची मीराआत्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. रानातली कोरांटीची झुडपं वाळवून जाड कागदांवर चिकटवलेला एक जुना संग्रह तिथंच तिच्या ताब्यात होता. कीड लागू नये म्हणून पूर्वीच्या लोकांनी त्या कागदांना चक्क विष लावून ठेवलेलं! नुसता हात लागला तरी आत्या साबण पुढे करायची, मग दिवाळीचा फराळ वाट का बघत असेना.

"नत्थूभैया, या कागदावर विष आहे. आणखी कोणाला दिला?"

"आत्ताच तर कापला. हा पोट्टाच पहिला." नत्थू वैतागला. "काहून धंदा खराब करून राहिली, दीदी? मस्त मजबूत कागद आहे."

श्रावणीनं ठेल्याखालची रद्दी ओढली. "ही मागच्या वर्षीची. कसरीनं पार चाळण केलीय. आणि तो कागद माझ्या आजोबांच्या वयाचा. त्याला एक तरी भोक दाखव."

नत्थूनं कागद उन्हात धरला, उलटासुलटा केला. भोक काही सापडेना. मग त्यानं सगळे तुकडे पिशवीत भरून दिले आणि खसाखसा हात धुतले.

"रद्दीवाल्या धर्मपालच्या दुकानातून आणला," तो म्हणाला. "तिथं गठ्ठे पडले आहेत. पळा लवकर."

तिथं एक समोसेवाला तेच गठ्ठे तराजूवर चढवत होता. श्रावणीनं परोपरीनं सांगितलं, पण धर्मपाल ऐकेल तर शपथ. "कॉलेजच्या बाबूनं विकले. तुम्ही कोण?"

यशोधन आईला फोन करायला समोरच्या एसटीडी बूथवर धावला. आता वेळ कसा काढायचा? बंडू शहाणा तराजूच्या रिकाम्या पारड्यात जाऊन बसला.

"आता तोलून दाखवा," तो म्हणाला.

बघ्यांची गर्दी जमली, समोसेवाला हसायला लागला, धर्मपालचं वजनमाप तसंच राहिलं. तोवर आत्या स्कूटरवरून पोचली. मागे कॉलेजचे हेडक्लार्क श्यामकांतकाका.

राज्य नुकतंच नवं झालेलं, आपलं शहर त्याची राजधानी, ज्याला त्याला ऑफिसला खोली हवी! काकांनी सुट्टीत संग्रहाची खोली रिकामी करून दिली होती आणि गठ्ठे रद्दीत विकले होते.

"मले वाटलं, वाळकं गवत आहे, मॅडम."

"आणि याच्यात बांधलेले समोसे गावानं खाल्ले असते तर?" आत्यानं विचारलं.

सगळे गठ्ठे काकांनी स्वतः कॉलेजात परत वाहून नेले, आणि नवं कपाट मिळवून दिलं ते वेगळंच.

एकच नमुना गेला, नत्थूनं कापलेला. रविवारी आत्या मुलांना घेऊन शहराबाहेर, बीरगावच्या पुढच्या माळावर गेली. तिथं पिवळी कोरांटी नुसती फुलली होती. फांदी दाबून, वाळवून नव्या कागदावर चढवली. या वेळी विष नाही, डांबराच्या गोळ्या.

कोपऱ्यात 'गोळा करणारे' असं लिहून आत्यानं पुढे तिघांची नावं घातली.

"शंभर वर्षांनी कोणी ही कोरांटी बघेल, तेव्हा तुमची नावं वाचेल," ती म्हणाली. "शाबास रे पोट्टेहो."

बंडू आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिला.