बावीस मिनिटांचा चोर

"इंद्रायणीताई, तुमच्या कॉम्प्युटरनं कामचोर पकडला बघा!" मंचरच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर भगवंतराव फोनवर खुशीत होते. "सावळेराम. आज दोनला त्याची सुट्टी झाली की कायमचीच."

इंद्रायणीला आनंद झाला नाही. तिथला कॉम्प्युटर तिनंच दोन वर्षांपूर्वी, २००० साली, बसवला होता. त्यानंतर फोन आला तो आजच.

अवसरी बुद्रुकच्या घरात ती एकटी राहायची. कॉम्प्युटरच्या मुळाशी जो प्रोग्रॅम चालतो, कर्नल, त्यातल्या चुका दुरुस्त करायची आणि कधी न पाहिलेल्या माणसांना ईमेलनं पाठवायची. गावाला वाटायचं, पोरगी टायपिंग करते. कधीकधी तिला फार एकटं वाटायचं.

दीडला ती मंचरात पोचली.

भगवंतरावांनी सावळेरामच्या नावाचा कागद पुढं सरकवला. सहा ते दोनची पाळी. कॉम्प्युटरमध्ये निघाल्याची नोंद एक अडतीस, एक एकेचाळीस, एक छत्तीस.

"गारव्याचं मशीन वाऱ्यावर सोडून जातो हा!"

सावळेराम डोंगराकडचा, पन्नाशीचा. टोपी हातात धरून उभा होता.

"लवकर जाता, दादा?"

"न्हाई, बाई. दुसऱ्या पाळीचा रामदास आल्याबिगर मी मशीन सोडत न्हाई. मग फोनला जातो."

"कुणाला?"

"लंकाला. माज्या मंडळीला. फोन खालच्या दुकानात हाय. ती डोंगर उतरून येती, थांबती. येवढंच बोलनं व्हतं दिसाचं."

त्यानं टोपीच्या घडीतून एसटीडीच्या पावत्या काढल्या. दोन सहा. दोन सात. दोन सहा.

"बूथ किती लांब?"

"समोरच."

एक अडतीसला निघालेला माणूस समोरच्या बूथवर पोचायला अर्धा तास लावतो? इंद्रायणीनं दुसऱ्या पाळीचा कागद मागितला. रामदास, आल्याची वेळ: एक सदतीस.

"हा मात्र गुणी पोरगा," भगवंतराव म्हणाले. "रोज वीस मिनिटं आधी येतो."

तेवढ्यात गुणी पोरगा धापा टाकत आला. तिनं मनगटावर पाहिलं. दोनला एक मिनिट कमी.

"रोज एक चाळीसला येतोस?"

"कुठून येऊ, ताई? आमची येष्टीच पावणेदोनला लागती स्टँडला. तिथनं चालत."

ती कॉम्प्युटरपाशी बसली. जुन्या नोंदी चाळल्या. रोज दुपारी, रामदास आल्यावर, कुणीतरी कॉम्प्युटरचं घड्याळ हातानं बदललं होतं.

"रामदास, घड्याळाला हात तू लावतोस."

रामदासचा चेहरा पडला. भगवंतराव ताडकन उठले. "म्हणजे चोर हा व्हय!"

"थांबा. का लावतोस?"

"मागं पडलेलं असतं, ताई. बरोबर करतो फक्त. सांगितलं असतं तर कॉम्प्युटरला हात का लावला म्हनले असते."

"शनिवारी?"

"शनिवारी गाड्या नसतात. तवा बरोबर असतं."

सावळेरामच्या कागदावरचे शनिवार तिनं बोटानं शोधले. सगळीकडं दोन.

"भगवंतराव, गाडी सुटताना पास छापता ना? रोज किती?"

"नव्वदेक. सगळे दोनच्या आत."

"एक छापा."

तिनं आपलं घड्याळ पडद्याला टेकवून धरलं. प्रिंटर खरखरत राहिला. पास बाहेर आला तेव्हा कॉम्प्युटर पंधरा सेकंद मागं होता.

"नव्वद पास, पंधरा-पंधरा सेकंद. बावीस मिनिटं," ती म्हणाली. "आत एक चिप सेकंदाला शंभर वेळा दार वाजवते. कर्नल ती टकटक मोजतो, त्यावर घड्याळ चालतं. पण ओळ छापताना तो दाराला आतून कुलूप घालतो, मध्ये कुणी येऊ नये म्हणून. आत बसलेल्याला टकटक ऐकूच येत नाही. कुलूप निघालं की साचलेल्या टकटकीतली एकच मोजली जाते."

"येवढा वेळ कुलूप कशाला?" भगवंतरावांनी विचारलं.

"नको होतं. एका अक्षरापुरतं पुरे होतं, ते अख्ख्या ओळीसाठी घातलं."

"कुनी?"

"मी. प्रिंटरचा भाग माझाच आहे. घरी एक पास छापून पाहिला, झालं म्हटलं. दादा, तुमची बावीस मिनिटं मी चोरली. माफ करा."

भगवंतरावांनी सावळेरामचा कागद फाडला आणि उद्या सहाला ये म्हणाले.

सावळेरामनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अडीच वाजून गेले होते. "लंका थांबून गेली असंल," तो म्हणाला. इंद्रायणीला फार वाईट वाटलं.

तिनं संध्याकाळपर्यंत बसून कुलूप सुधारलं. जाताना बजावलं, "घड्याळाला हात लावू नका. मागं पडलं तर मला फोन करा."

दुसऱ्या दिवशी दोन वाजून अकरा मिनिटांनी तिच्या घरचा फोन वाजला. परत मागं पडलं वाटतं, म्हणत तिनं तो उचलला.

"बाई, सावळेराम. घड्याळ बराबर हाय."

"मग फोन का केलात, दादा?"

"लंकाला सगळं सांगितलं आत्ता. ती म्हनली, त्या बाईला इचारा, जेवली का."

इंद्रायणीनं कीबोर्ड बाजूला सरकवला.

"नाही अजून," ती म्हणाली.