भिंतीवरून गेलेली आजी

चित्रपट भिंतीवर दाखवणाऱ्या आमच्या पेटीत तो होता. माझ्या नातीने, केतकीने तपासून पाहिलं, त्याचं नाव आणि आकार तसाच दिसत होता. तरी भिंत कोरी होती. आहे ती वस्तू दिसत का नाही, हे तिला कळेना.

आम्ही चंद्रावरच्या वसाहतीत राहतो. त्या दिवशी माझ्या बायकोचं, शालनचं, वर्षश्राद्ध होतं. आमच्याकडे फोटोला हार घालून पुढे पान वाढतात. शालनचे सगळे फोटो कोल्हापुरात पुराच्या पाण्यात गेले. पण तरुणपणी ती एका चित्रपटात गर्दीतली बाई म्हणून उभी राहिली होती. तो चित्रपट आम्ही दोन दिवस आधी ऑनलाइन भाड्याने घेतला होता. विहिरीवर ती दिसली तसा केतकीने तो थांबवला आणि म्हणाली, हाच आजीचा फोटो.

दोन दिवस शालन भिंतीवर होती. माझी सून वृंदा पान घेऊन आली, मी हार उचलला आणि भिंत कोरी झाली.

केतकी रडली नाही. पेटीचं घड्याळ तिने दोनदा मागे फिरवून पाहिलं. उपयोग झाला नाही. मग मान खाली घालून म्हणाली, "मी थांबवलं म्हणून आजी गेली का?"

मी तिला जवळ बसवलं. चित्रपट थांबवला तरी भाड्याची मुदत थांबत नाही, हे आधी सांगितलं. वाचनालयाचं पुस्तक न उघडता उशाशी ठेवलं तरी दिवस मोजले जातातच. ते तिला पटलं. पण पुस्तक परत न्यावं लागतं, चित्रपट तर इथेच आहे, असं ती म्हणाली.

तेव्हा मी पाटी घेतली. चित्र म्हणजे खूप सारे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड एका आकड्याने लिहिलेला. समज, आजीच्या कपाळावरच्या एका ठिपक्याचा आकडा मला ठाऊक आहे, तुला नाही. मी मनात एक गुप्त आकडा धरला आणि तो त्यात मिळवला. आता पाटीवर बारा आहेत. मूळ आकडा सांग.

"तुमचा गुप्त आकडा सांगा, मग सांगते."

तो गुप्त आकडा म्हणजे किल्ली. असं आकडे झाकून ठेवण्याला सांकेतिकीकरण (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी मांडणी) म्हणतात. खरी किल्ली फार लांबलचक असते आणि मिसळण्याची रीतही अवघड असते. किल्लीवर मुदत लिहिलेली असते. ती संपली की आपली पेटी किल्ली पुसून टाकते. वेळ ती पृथ्वीवरच्या घड्याळाला विचारते, म्हणून इथलं घड्याळ फिरवून चालत नाही. झाकलेले आकडे मात्र जागेवर राहतात.

भाडं कमी का, तेही यातच आहे. पृथ्वीवरून आलेली चित्रपटाची एकच प्रत वसाहतीच्या साठवणघरात आहे. तिचीच नक्कल सगळ्यांच्या पेट्यांत उतरते. दरवेळी पृथ्वीवरून फक्त किल्ली येते.

"मग कुलूप तोडा की. शास्त्रज्ञ ना तुम्ही?" केतकी म्हणाली.

मी म्हणालो, एवढ्या लांब किल्लीचा अंदाज करत बसलो तर सूर्य विझेल. आणि तुटत असतं तरी तोडलं नसतं. भाड्यातला थोडा भाग चित्रपट करणाऱ्यांकडे जातो. तुझी आजीही त्या विहिरीवर दिवसभर उन्हात कामालाच उभी होती.

वृंदा म्हणाली, पान गार होतंय, पुन्हा भाड्याने घ्या. मी होकार दिला. किल्लीची मागणी पृथ्वीवर जाऊन उत्तर यायला एक श्वास पुरतो. तेवढ्यात केतकीने विचारलं, मंगळावरच्या मुलांना किती वेळ लागेल? मी म्हणालो, कधी सहा-सात मिनिटं, कधी पाऊण तास. ती विचारात पडली. किल्ल्या झाकून मंगळावर आधीच पाठवून ठेवाव्यात, ज्याने भाडं भरलं त्याचीच तिथल्या तिथे उघडावी, असं तिने सुचवलं. अवघड आहे, पण होण्यासारखं आहे. मी पाटी तिच्याकडे दिली.

किल्ली आली. विहीर दिसली, शालन दिसली. केतकीचा हात थांबवायच्या खुणेकडे गेला.

वृंदा हळूच म्हणाली, "सासूबाई जन्मात कधी एका जागी बसल्या होत्या का? आता बसतील?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं. "थांबवू का, आजोबा?"

हार माझ्या हातातच होता. विहिरीवरची शालन पुढे काय करते हे आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "चालू दे."

शालनने घागर कमरेवर घेतली. शेजारची बाई काहीतरी बोलली आणि ती हसली, दिग्दर्शकाने सांगितलं नसावं असं. मग चालत चालत चित्राच्या कडेबाहेर गेली. विहिरीवर दुसऱ्या बायका आल्या. वृंदाने पान भिंतीपुढे ठेवलं, मी हार पानाशेजारी ठेवला आणि आम्ही तिघं पुढचा चित्रपट बघत बसलो.