मागच्या सीटवरचं वजन

"इथे रस्त्याच्या कडेला कुणी काही ठेवलेलं दिसलं ना, तर हात लावायचा नाही. नमस्कार करायचा आणि पुढे व्हायचं."

हे मला जयमालाकाकूंनी सांगितलं होतं. काकू एकोणीस वर्षं जपानमध्ये आहेत. आम्ही इचिकावात नवीन आलो तेव्हा घर लावायला त्यांनीच मदत केली होती.

मी हसले होते. "काकू, मी कशाला कुणाचं उचलू?"

"उचलणार नाहीस गं. पण प्रसाद म्हणून घेशील. आपल्या बायका घेतातच."

मी विषय बदलला होता.

पुढे जे लिहितेय ते ऐकीव नाही. माझ्याबाबतीत घडलंय. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टी वाचून मीच नाक मुरडायचे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी मला तुमची मदत लागणार आहे.

गेल्या नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. ठिकाण, आमच्याच चिबा प्रांताचा दक्षिण भाग. रात्र नव्हती. दुपारचे चार वाजत आले होते, स्वच्छ ऊन होतं.

माझ्या नवऱ्याला, नचिकेतला, सायकलचं वेड. आठवडाभर कावासाकीला ऑफिस, आणि शनिवारी घट्ट कपडे घालून सायकलवर. त्या दिवशी म्हणाला, "तुम्हीपण चला. शेतांमधून रस्ता आहे, गाड्या नाहीत, डांबरावर निळे बाण रंगवलेत. हरवायचं म्हटलं तरी हरवणार नाहीस."

त्याची स्वतःची रोड बाइक होती. मी स्टेशनजवळच्या दुकानातून इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घेतली. मागे लहान मुलाची सीट असलेली, इथल्या सगळ्या आया चालवतात तशी. मागे ओजस. तेव्हा साडेचार वर्षांचा. दुकानातलंच पिवळं हेल्मेट.

ज्यांनी ही सायकल चालवली नाही त्यांना एक सांगते. मागे बसलेलं मूल आपल्याला दिसत नाही. ते आहे हे फक्त वजनावरून कळतं, आणि बडबडीवरून. मी तशीही दर दोन मिनिटांनी "ओजू, आहेस ना?" विचारणारी आई. नचि त्यावरून चिडवतोच.

कापून झालेली भातशेतं संपली. चढ सुरू झाला. नचि पुढे निघून गेला. "बोगद्याच्या पलीकडे थांबतो!" असं ओरडून वळणाआड दिसेनासा झाला.

तेवढ्यात मागून रडं सुरू झालं.

"आई, तहान. आई, तहान."

बाटली रिकामी होती. दुसरी नचिकडे. आणि एरवी जपानमध्ये दर शंभर पावलांवर पाणी-ज्यूसचं मशीन दिसतं, तिथे एकही नव्हतं.

मग ते वळण आलं.

गवतात एक छोटी दगडी मूर्ती. गुडघ्याएवढी. गळ्यात लाल कापड. असे देव इथे जागोजागी असतात, लहान मुलांना सांभाळणारे. समोर ताजी फुलं. बिस्किटांचा पुडा. आणि सफरचंदाच्या ज्यूसचा खोका, स्ट्रॉ चिकटवलेला.

मी सायकल थांबवली.

मनात एकदाही भीती आली नाही, खरं सांगते. उलट बरं वाटलं. ओजसला उतरवलं, हात जोडायला लावले. "बाप्पा, लेकराला तहान लागलीय," असं म्हणाले, आणि ज्यूस उचलला. मुलांचाच देव. मुलाला नाही म्हणेल का?

ओजसने उभ्याउभ्या संपवला. रिकामा खोका मी पुढच्या बास्केटमध्ये टाकला. त्याला सीटवर बसवलं, पट्टा लावला. टक्‌ असा आवाज आला. तो आवाज मला आजही आठवतो. मी पट्टा लावला होता.

हँडलवरच्या पडद्यावर बॅटरी किती किलोमीटर पुरेल ते दिसतं. एकतीस.

निघाले.

सायकल जड लागत होती.

चढ आहे म्हणून, असं वाटलं. पडदा बघितला. सव्वीस. दोन मिनिटंही झाली नव्हती.

मागे ओजस बोलत होता. जपानीत. होइकुएनमध्ये, म्हणजे त्याच्या पाळणाघरात, दिवसभर जपानीच असते, त्यामुळे एकटा खेळताना तो जपानीतच बोलतो. पण हे एकट्याचं बोलणं नव्हतं.

तो थांबत होता... ऐकत होता... मग "उन" म्हणत होता. म्हणजे हो.

"ओजू, कुणाशी बोलतोयस?"

गप्प.

"ओजू?"

पाठीवर दोन थापा बसल्या. तो मारतो तशाच. मी सुस्कारा सोडला.

पडद्यावर बावीस.

मग बोगदा आला. जुना, हाताने खोदलेला, आत दिवा नाही, भिंतींवर पाणी पाझरतंय. लांबी दोनशे मीटर असेल. पलीकडचं तोंड उजेडाच्या ठिपक्याएवढं. मी दिवा लावला आणि आत शिरले.

आत मला माझा श्वास ऐकू येत होता. चाकांचा आवाज. पाण्याचे थेंब.

आणि मागून...

स्ट्रॉचा आवाज.

खोका संपल्यावर तळाशी ओढतात ना मुलं, सुर्रर्र... तसा. सावकाश. परत परत.

मी पुढे बघितलं. दिव्याच्या उजेडात बास्केट दिसत होतं.

खोका बास्केटमध्येच होता. स्ट्रॉसकट.

मी वळून बघितलं नाही. आई असून बघितलं नाही. याची लाज मला जन्मभर वाटेल. मी फक्त पेडल मारत राहिले. पुढे नचि आहे, पुढे नचि आहे, एवढंच डोक्यात.

उजेडात आले. रस्त्याच्या शेवटी नचि उभा होता, हात हलवत. हसत होता.

त्याच्यापर्यंत पोचता पोचता सायकल एकदम हलकी झाली. इतकी, की पुढचं चाक डगमगलं.

नचिचं हसू गेलं.

"ओजस कुठंय?"

सीट रिकामी होती. पट्टा लावलेला होता. हेल्मेटही नव्हतं.

"आत्ता होता," नचि म्हणाला. "अगं आत्ता... मी हात केला, त्याने पण केला. पिवळं हेल्मेट..."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. नचि बोगद्यात घुसला. मी सायकल वळवून त्याच्या मागे. ओरडून माझा घसा बसला. आणि तेवढ्यात गावच्या भोंग्यावर साडेचारचं, संध्याकाळचं गाणं सुरू झालं. पोरांनो, अंधार पडतोय, घरी जा, असं सांगणारी ती मंद धून. बोगद्यात ती चहूबाजूंनी येत होती. तिच्यात ओजसची हाक ऐकू येतेय का, हेच मला कळेना.

नचिला तो सापडला. एक किलोमीटर मागे.

मूर्तीशेजारी गवतात बसला होता. गुडघे पोटाशी घेऊन. शांत. डोक्यावर हेल्मेट नाही. रडला नव्हता, लागलं नव्हतं.

मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो म्हणाला, "आई, दुखतंय."

"तू उतरलास कसा? का उतरलास?"

"तो म्हणाला, कावात्ते."

कावात्ते म्हणजे, आता मला दे, माझी पाळी. होइकुएनमध्ये पहिल्या दिवसापासून शिकवतात. झोका असो, खेळणं असो, दुसऱ्याने कावात्ते म्हटलं की द्यायचं. ओजस फार गुणी आहे यात. बाई नेहमी कौतुक करतात.

"मग?"

"मग मी दिलं. त्याचा ज्यूस मी प्यायलो ना."

त्याला परत सीटवर बसवलं. सहज पडद्याकडे नजर गेली.

एकतीस.

"चढ नसला की वाढतो आकडा," नचि म्हणाला. माझ्याकडे न बघता. त्याचं म्हणणं आजही तेच आहे. ओजसने तुझं लक्ष नसताना पट्टा काढला, उतरला, पट्टा परत लावला. तू घाबरलेली होतीस. आणि हात हलवताना दिसला तो? "उन्हाची तिरीप होती गं."

दुसऱ्या दिवशी तो एकटा जाऊन तिथे ज्यूसचे सहा खोके ठेवून आला. मी सांगितलं नव्हतं. विचारलंही नाही.

हेल्मेट मिळालं नाही.

जयमालाकाकूंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ज्यूस परत करता येतो गं. पाळी परत कशी करणार?"

ओजस मजेत आहे. जेवतो, खेळतो, उंची वाढलीय. डॉक्टर म्हणतात, उत्तम.

फक्त आता तो माझ्याशीही जपानीतच बोलतो. मी मराठीत विचारलं की थांबतो... जरा ऐकल्यासारखं करतो... मग उत्तर देतो. बाई म्हणतात, या वयात असं होतं. सगळ्याच परदेशी मुलांचं होतं.

होत असेल.

रात्री झोपताना मी त्याला विचारते, "ओजू, आहेस ना?" तो "उन" म्हणतो. पूर्वी तो म्हणायचा, "आहे गं बाई, झोप आता." बापाची नक्कल करून.

मी मागच्या सीटवर त्याला बसवणं सोडलं. नचि ऐकत नाही. "आयुष्यभर पोराला घरात कोंडणार का?" म्हणतो. शनिवारी माझा बायतो असतो, बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या, दुकानात चार तासांचं काम. त्या वेळात तो ओजसला आमच्या घरच्या, मागे सीट असलेल्या सायकलवर घेऊन नदीकाठच्या सायकल रस्त्याने जातो. मी फोन केला की हसत म्हणतो, "आहे गं मागे. सारखा बडबडतोय."

मी विचारते, कुणाशी?

तो म्हणतो, "ठेव फोन."

म्हणून हे लिहितेय. तुमच्यातलं कुणी इचिकावात असेल, शनिवारी दुपारी नदीकाठी फिरायला जात असेल, तर एक उपकार करा. राखाडी सायकल, निळ्या जाकिटातला उंच भारतीय बाप. त्याला थांबवा. वेळ विचारा, रस्ता विचारा, काहीही विचारा. मी पाठवलंय असं सांगू नका, तो चिडेल.

आणि मागे जो मुलगा बसलेला असेल, त्याला मराठीत नाव विचारा.

त्याने ओजस सांगितलं, तर मला कळवा.

दुसरं काही सांगितलं... तरीही कळवा.