हसण्याचा शॉट

कल्याणरावांचा भुताचा सिनेमा पाहताना मला हसू आवरेना. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, मंठा गावाबाहेरचं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आणि भुताच्या तोंडाला फासलेली टाल्कम पावडर. तरीही मुंबईच्या कंपनीने त्याचे हक्क घेतले होते, आणि रिमेकचा सहायक दिग्दर्शक म्हणून मी त्यांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो.

सिनेमातलं प्रेत म्हणजे त्यांची बायको, दैवशालाबाई. सरकीच्या ढिगावर उघड्या डोळ्यांनी पडलेल्या. तिथे मात्र माझं हसू थांबलं. मग तरुण कल्याणरावांचा ‘कट’ ऐकू आला. त्या पडल्यापडल्याच खुदकन हसल्या, हसताहसता उचकी लागली. "बस झालं ना आता," त्या म्हणाल्या. "उठू का?"

"हे सिनेमात न्हाई, फक्त शूटिंगच्या या टेपवर आहे," कल्याणराव म्हणाले. "पण घ्यावं लागतं. मेलेल्याचं काम केलं की त्याच जागी हसवायचं. तसंच सोडायचं न्हाई."

काही वर्षांनी दैवशालाबाई तापाने गेल्या. त्यांचं हसणं उरलं ते एवढंच. मुलगी अक्षता तेव्हा पाळण्यात होती. तिने ही टेप कधी पाहिली नव्हती. "मला मेलेली आई न्हाई बघायची," म्हणायची. पण आईचं काम दुसरीने केलेलंही तिला चालणार नव्हतं. म्हणून रिमेकमध्ये ते काम तीच करणार होती, आणि आमचा दिग्दर्शक स्वानंद तिच्यावर खूश झाला. कल्याणरावांनी एकच अट घातली, हसण्याचा शॉट घ्यायचा.

शूटिंग त्याच जिनिंगमध्ये, भर दुपारी झालं. आमचा थाट मोठा. क्रेन, मेकअपच्या गाड्या, सरकीसुद्धा विकत आणलेली. स्वानंदला मूळ शॉट जसाच्या तसा हवा होता आणि तो पहिल्याच टेकला मिळाला.

मी हसण्याच्या शॉटची आठवण करून दिली.

"मूळ सिनेमात नाही ना? मग झालं," म्हणत तो पुढच्या सेटकडे निघाला.

कॅमेरा उतरवला तरी अक्षता पडूनच होती. शेवटी मेकअपवाल्या बाईंनी तिला हाताला धरून उठवलं.

पुढच्या आठवड्यात कल्याणरावांचा फोन आला. "सर, पोरगी जेवती, बोलती, कॉलेजला जाती. पण हसून न्हाई राह्यली."

थकवा असेल, असं समजावायचं ठरवूनच मी मंठ्याला गेलो. अक्षताने दार उघडलं, बसा म्हणाली. वागणं अगदी व्यवस्थित.

"आज हिला टेप दाखवतो," कल्याणराव म्हणाले. "आईला हसताना बघंल, मंग..."

"मला न्हाई बघायची, पप्पा." ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. आत दुसरं कुणी नव्हतं.

कल्याणरावांनी तरीही टेप लावली. सरकीचा ढीग दिसला. उघडे डोळे. ‘कट’ ऐकू आला.

दैवशालाबाई हसल्या नाहीत.

कल्याणरावांनी टेप मागे नेऊन पुन्हा लावली. ‘कट’. पापणीसुद्धा हलली नाही. टेप संपेपर्यंत त्या तशाच पडून होत्या.

"कपाटाबाहेर न्हाई गेल्ती ही टेप, सर," कल्याणराव हळू म्हणाले.

तेवढ्यात आतून खुदकन हसण्याचा आवाज आला.

क्षणभर मला हायसं वाटलं.

मग उचकी.

कल्याणराव दाराकडे बघत राहिले.

"बस झालं ना आता," आतून आवाज आला. "उठू का?"