गेटपास ७३९३९१३३

उरणच्या खाडीकाठी गुणाजीचा ट्रेलर सापडला. रिकामा! कंटेनर गायब, आणि गुणाजीही.

तिसऱ्या दिवशी अख्खं गाव म्हणू लागलं, माल विकून पळाला. त्याची बायको नीराबाई दाराला टेकून बसली ती उठेचना. दहावीतली लेक प्रणाली मात्र फौजदार सोनल घरतांच्या मागे लागून थेट कंटेनर यार्डाच्या गेटवर पोचली. बाबा आणि चोर? शक्यच नाही!

गेटवरचा कारकून चांगदेव म्हणजे गुणाजीचा जुना दोस्त. त्याने रजिस्टर उघडलं. इथली रीत अशी, की गेटपासचा नंबर ड्रायव्हरनेच आपल्या हाताने लिहायचा आणि पुढे सही ठोकायची. गुणाजीच्या सहीशेजारी नंबर होता ७३९३९१३३.

प्रणालीने तो नंबर आकड्यावर बोट ठेवत पुन्हा वाचला.

"काका, बाबांच्या हातात पास होता?"

"मंग? मीच दिला की! त्यात बघूनच लिवला त्यानं."

"मशीनमधून छापलेला?"

"व्हय. काय गो, तू कधीपासून फौजदार झालीस?"

"शेवटचा आकडा कशाचा असतो?"

"ताळ्याचा. पुऱ्या नंबराला अकरानं भाग गेलाच पायजे. न्हायतर मशीन छापतच न्हाय," चांगदेव ऐटीत म्हणाला.

सोनल घरतांनी मोबाईलवर भागाकार केला. बाकी चार.

"लिहिताना चुकला असेल," त्या म्हणाल्या.

"चुकले नाहीत, मॅडम! ही मूळ संख्या आहे. अकराच काय, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. मागून एकेक आकडा कापत जा. ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९... पार सात उरेपर्यंत प्रत्येक संख्या मूळच! अशी याहून मोठी संख्या जगात नाही. शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी मी ही घोकत होते, तेव्हा बाबांचीही पाठ झाली. चुकून नेमकी हीच येईल?"

चांगदेवने रजिस्टर मिटलं.

प्रणाली थांबली नाही. "यांनी पास दिलाच नाही. चोरीचा माल बाहेर काढायचा होता. आधी सही कर, पास मागाहून देतो, आता कायपण नंबर लिव, असंच म्हणाले असतील. दोस्ताचा शब्द! पण बाबांना संशय आला. म्हणून असा नंबर लिहिला, जो पासवर असूच शकत नाही. आणि जो फक्त मला कळेल."

"खरं आहे?" फौजदारांनी विचारलं.

चांगदेवने रजिस्टर फौजदारांकडे सरकवलं. "खाडीवर माल उतरताना त्यानं पोलिसांना फोन लावायला घेतला. मी एकटा नव्हतो गो, प्रणाली. ती मानसं..."

"बाबा कुठेत?"

त्याने खाडीकडे पाहिलं. "ओहोटी लागली व्हती," एवढंच म्हणाला.

चांगदेवला जीपमध्ये घातलं. फौजदार म्हणाल्या, "शाब्बास पोरी. तुझ्या बाबांचं नाव राखलंस."

प्रणाली घराकडे चालू लागली. दारात आई बसली असेल. सकाळपर्यंत तिचा नवरा चोर होता, पण जिवंत होता.