खालचा बोर्ड

पूर ओसरल्यापासून वायरमनला जेवायला फुरसत नव्हती. पुराने भिंतींवर मातकट रेघ ओढून ठेवली होती आणि गल्लीतल्या प्रत्येकाला आपले विजेचे बोर्ड त्या रेघेच्या वर हवे होते. वायरमन भिंत फोडायचा, वायरी वर ओढायचा, खालचं जुनं खोकं सिमेंटने बुजवायचा आणि जाताना म्हणायचा, "आता पाणी आलं तर तुम्ही बुडाल, दिवे नाही बुडणार." बायका मनापासून हसायच्या, पुरुष जरा उशिरा. पुरुषांना विचारलं तर सगळं ठीक होतं. एकजण बूट घालूनच झोपायचा, दुसरा नळाला पाणी आलं की घराबाहेर जाऊन उभा राहायचा, पण दोघांचंही सगळं ठीक होतं. वायरमनला कुणी विचारलं असतं तर त्यानेही तेच सांगितलं असतं.

मोठ्या बहिणीचा निरोप आला तेव्हा त्याला वाटलं, फ्यूज उडाला असेल. दुपारचं लख्ख ऊन होतं. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तो गेला, तर ताई दाराबाहेरच उभी.

"खालचा बोर्ड बुजव," ती म्हणाली. "आजच."

गल्लीत तेवढं एकच खोकं उघडं राहिलं होतं, कारण तिच्या नवऱ्याने ते बुजवू दिलं नव्हतं.

"भाऊजी काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. त्यात हात घालून बसतात." ताईने आवाज खाली आणला. "शिलाईच्या मशीनला हात लावत नाहीत, धड जेवत नाहीत, झोप तर नाहीच. उजाडलं की स्टूल घेऊन भिंतीशी. अरे, मला वाटतं... शॉक लागावा म्हणून बसत असतील."

वायरमन माणूस धीराचा, आणि धीर नसला तर आव आणणारा. "त्या खोक्यात करंटच नाही, मीच तोडलाय. मरायला बसले असतील तर चुकीच्या जागी बसलेत," तो म्हणाला, आणि बहिणीचा चेहरा बघून त्याने जीभ चावली. "बघतो मी. तू जरा शेजारी जाऊन बस."

भाऊजींचं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. कापडं कापायचं लांब टेबल, चादर टाकलेलं मशीन, बाह्या न लागलेले कोट खुंटीला. दारं सताड उघडी असूनही ओल्या कापडाचा कुबट वास होता. भाऊजी भिंतीशी पाठमोरे बसले होते. गल्लीतला सगळ्यात बडबड्या माणूस हा. माप घेताना विनोद करायचा आणि गिऱ्हाइकाचं हसून पोट फुगलं की तेच माप धरायचा. आता शर्टातून त्याच्या खांद्यांची हाडं दिसत होती.

"या मेहुणे," ते मागे न बघता म्हणाले. "बुजवायला आलात?"

"बहिणीचा हुकूम आहे. हात काढा, आत्ता मोकळं करतो तुम्हाला."

"निघत नाही."

"अडकलाय?"

"धरलाय."

वायरमन हसत पुढे झाला आणि त्याचं हसू जागीच विरलं. ते खोकं त्याने स्वतः बसवलं होतं. जेमतेम तीन बोटं खोल, मागे सलग वीट. भाऊजींचा हात त्यात कोपरापर्यंत गेला होता.

तो बाहेर पडला. त्या भिंतीपलीकडे घड्याळवाल्याचं दुकान. घड्याळवाला पुरात गेला, तेव्हापासून ते रिकामं पडलं होतं. अर्धं शटर वर करून वायरमन आत वाकला. विटा सटकल्या असतील, मोठं भोक पडलं असेल, असं त्याने वाटेत मनाशी जुळवलं होतं. भिंत धड होती आणि कोरडी ठणठणीत. त्याने हातोडी आपटून पाहिली, तर भरीव आवाज आला.

तो परत आला तेव्हा भाऊजी आपण होऊन बोलू लागले, भिंतीकडेच बघत, अगदी हळू.

"घड्याळवाला खिडकीसमोरून वाहत चालला होता. मी गजांतून हात घातला आणि धरला त्याला. पुष्कळ वेळ धरला... तो म्हणाला, सोडू नका. मी म्हटलं, वेडा की काय, सोडीन कसा. आणि मग सुटला."

"ताईला सांगितलंत हे?"

"पाण्याने नेला, एवढंच सांगितलं. सगळ्यांनाच." "नंतर हे खोकं साफ करायला बोटं घातली, तर आतून कुणी धरली. आता कसा सोडू? पण थकलोय हो मी. डोळा लागला की पकड ढिली पडते. या वेळी सुटला तर... मीही मागे राहणार नाही."

वायरमनने पिशवी खाली ठेवली. त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण समोरच्या माणसाची कणव त्याहून जास्त होती. "सरका," तो म्हणाला. "मी धरतो थोडा वेळ. तुम्ही पाठ टेका."

"सोडणार नाही ना?"

"दिवसभर वायरी ओढणारा हात आहे. काळजी सोडा."

भाऊजींच्या हाताला लागूनच त्याने आपला हात आत सरकवला. वीट लागायला हवी होती, ती लागली नाही. लागलं ते पाणी, थंडगार आणि ओढ असलेलं. गाळाचा वास वर आला. मग पाण्यात काहीतरी त्याच्या बोटांना चाचपडत आलं आणि मनगटावर घट्ट बसलं.

"आहे ना?"

"आहे," तो कसाबसा म्हणाला.

भाऊजींनी आपला हात अलगद बाहेर घेतला. तो कोपरापर्यंत भिजून सुरकुतला होता. ते कापायच्या टेबलावर आडवे झाले आणि पडल्यापडल्या घोरू लागले.

ताई न राहवून आत आली, तर नवरा झोपलेला आणि भाऊ स्टुलावर. तिचा चेहरा उतरला. "तू पण?"

"हळू... झोपलेत ते."

ती नवऱ्याच्या उशाशी बसून राहिली. ऊन कलल्यावर भाऊजी उठले आणि काय झालं होतं ते त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. दोघंही रडली. मग भाऊजींनी चहा मागून घेतला, मशीनवरची चादर काढली आणि एका कोटाची बाही लावून टाकली. मशीनच्या त्या आवाजाने वायरमनला इतका आनंद झाला, की बधिर झालेल्या हाताचाही त्याला विसर पडला. आपण पाळ्या लावू, त्याने ठरवलं. गल्लीतल्या बाकीच्यांनाही सांगू. एकट्याने धरायचं ओझंच नाही हे.

"उठा मेहुणे, आता माझी पाळी," भाऊजी ताज्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी हात आत घातला. "हं, आला. घट्ट आहे."

वायरमन हात काढू लागला. हात निघेना.

"भाऊजी, तुम्ही धरलंय ना त्याला?"

"धरलंय की."

"मग त्याला म्हणावं, मला सोड..."

भाऊजींनी हात जरा आणखी आत घालून वायरमनचं मनगट चाचपून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "तुम्हाला धरलेला हात त्याचा नाही," ते म्हणाले. "त्याचे दोन्ही हात माझ्या हाताभोवती आहेत. हा... दुसराच कुणीतरी आहे."

"कोण?" ताईने विचारलं. वायरमन आठवू लागला. पुरात त्याच्या हातून कुणी सुटलं नव्हतं. निदान त्याला तसं आठवत तरी नव्हतं.

ताईने दुसरं स्टूल आणून ठेवलं.

"बसून घ्या," भाऊजी समजुतीने म्हणाले. त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा भरदार झाला होता. "बसून धरलं की खांदा दुखत नाही. मी आहे शेजारी."

वायरमन बसला. भिंतीच्या आत एक अंगठा त्याच्या बोटांवरून सावकाश फिरत होता, एकेका बोटावर थांबत, ओळख पटवून घेतल्यासारखा.