कातरलेला पट्टा

मोटारसायकलवाला पुन्हा ट्रेलरच्या बरोबरीला आला. हॉर्न, हातवारे, आणि वाऱ्यात विरून जाणारं काहीतरी ओरडणं.

"बघू नकोस तिकडे," प्लास्टरमधला हात सांभाळत बाबा म्हणाले. तो हात मोडल्यापासून ट्रेलर लेकच चालवत होती, आणि असला एखादा आगाऊ तिला रोज भेटायचा. तिनं वेग वाढवला.

पण हा पठ्ठ्या पुढे निघून गेला, आणि उतार सुरू व्हायच्या आधी चक्क रस्त्यात उभा राहिला!

तिनं ब्रेक बेतानं दाबला. मागे पट्ट्यांनी बांधलेली लोखंडी गर्डरची चळत होती.

"जीव नकोसा झालाय का?" ती उडी मारून उतरली.

"पट्टा..." तो धापा टाकत म्हणाला. "मागचा पट्टा तुटत आलाय!"

तिनं मागे धावत जाऊन पाहिलं. कोपऱ्यावर पट्ट्याखाली ठेवलेला रबराचा तुकडा निसटला होता. गर्डरच्या धारेवर घासून पट्टा अर्ध्याहून जास्त कातरला होता.

त्यानं पट्टा आवळायच्या रॅचेटकडे हात नेला.

"हात लावू नका! आधी नवा आवळायचा, मगच जुना सोडायचा."

तिनं केबिनमधून नवा पट्टा काढून दिला. त्यानं तो चळतीवरून पलीकडे टाकला, तिकडे जाऊन हुक अडकवला, धारेखाली रबर सारलं आणि तिच्याजवळ आला. ती रॅचेट आवळू लागली. कट्... कट्...

"काय करता तुम्ही?" नजर न हलवता तिनं विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो. एरवी मुलींच्या मागे लागत नाही."

"आणि आज?"

"आज... आधी पट्टाच दिसला होता."

तिला हसू येणार, तोच जुन्या पट्ट्याचे धागे तटतट तुटायला लागले. तिनं त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. फाट्! तुटकं टोक डोक्यावरून सणसणत गेलं. गर्डर कण्हले, बोटभर सरकले... आणि नव्या पट्ट्यानं ते रोखून धरले.

दोघं तसेच खाली बसून होते. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता.

"कॉलर..." तो हळूच म्हणाला.

"हो... सोडते." पण बोटं ऐकेनात.

मग दोघांनी उरलेले सगळे पट्टे पुन्हा तपासले. निघताना तिनं विचारलं, "तुम्हाला जायचं कुठे होतं?"

"पुलाजवळच्या वळणावरून आत."

"अहो, ते केव्हाच मागे गेलं! चुकलात?"

"चुकलो नाही. तुम्ही थांबत नव्हता, म्हणून वळलो नाही."

तिनं केबिनचं दार उघडलं. "उद्या दुपारी रिकामा ट्रेलर घेऊन याच रस्त्यानं परत येईन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पूल जवळ आला तसा तिनं वेग कमी केला. नसलाच तर? वळण आलं... रस्त्याच्या कडेला तो उभा होता. या वेळी मोटारसायकल नव्हती.

"गाडी कुठाय?" तिनं खिडकीतून विचारलं.

"मुद्दाम आणली नाही. मागून येणं पुरे झालं. तुमच्याबरोबर यायचंय... चालेल?"

"एवढ्या लवकर ठरवलंत?"

"तुम्ही नाही ठरवलं?"

तिनं स्टिअरिंगवरची नजर उचलली. "कालच," ती म्हणाली.

बाबा घसा खाकरत पलीकडच्या खिडकीकडे सरकले, आणि मधली जागा मोकळी झाली.